पालखींतला खंड्या आणि दोन खोल्यांतला

सातारकर शाहू छत्रपतींच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याची कथा पुष्कळ वाचकांनीं ऐकली असेल. शिकारींत त्यानें महाराजांचे प्राण वांचविले, म्हणून त्यास पालखीचा मान मिळाला, अशी आख्यायिका आहे. संगम माहुली येथें त्याची समाधि आजही दाखवितात. पालखींत तो स्वस्थ कसा बसे, हें मात्र कोणी सांगत नाहीं. मला वाटतें, रान तुडवून आलेलें जनावर टेकेल तेथें झोंपतें, इतकेंच त्याचें उत्तर असावें.

मुधोळ, कारवान या दख्खनी जाती सशामागें धांवण्यासाठींच वाढविल्या गेल्या. पुढें १९७० सालीं सिडको स्थापन झाली, नवीन पनवेलमध्यें खांदा कॉलनी वसली, आणि त्याच रक्ताचा वारस दोन खोल्यांत येऊन पडला. तो घरभर घिरट्या घालतो, दारावरची घंटा वाजतांच झेपावतो. शेजारी त्यास द्वाड ठरवितात, आणि अशांपैकीं कित्येकांची अखेर रस्त्यावर होते. हा न्याय नव्हे.

त्यास नुसतें पळविल्यानें दम मात्र वाढतो. सावकाश हुंगत फिरूं द्यावें. घरांत एका कोपऱ्यांत सतरंजी अंथरावी. तो आपण होऊन तीवर टेकला कीं न बोलतां खाऊ पुढें ठेवावा. प्रथम पळभर, मग घटकाभर. नाद आणि अन्न यांची सांगड कुत्र्याच्या मनांत कशी बसते, हें १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या पावलोव्हनीं दाखविलेंच आहे. घंटेनंतर खाऊ सतरंजीवरच मिळाला, तर तो दाराऐवजीं तिकडे वळूं लागतो. पहिले आठ दिवस फळ दिसत नाहीं. नेमकीं त्याच दिवसांत घरचीं माणसें ओरडूं लागतात, आणि ओरडणें त्याला खेळाचें निमंत्रण वाटतें.