आधी बोटांना कळलं

मधल्या सुट्टीत एखादं मूल पडतं आणि मनगट धरून रडत वर्गात येतं. आपण म्हणतो, ‘बोटं हलव बघू.’ बोटं हलतात. ‘हलतायत ना? मग मोडलेलं नाही!’ आणि आपला जीव भांड्यात पडतो.

पण बोटं हलवणारे मुख्य स्नायू असतात कोपर आणि मनगट यांच्या मध्ये. त्यांच्या दोऱ्यांसारख्या कंडरा मनगटावरून बोटांपर्यंत जातात. मनगटाजवळचं हाड मोडलं, तरी या दोऱ्या ओढल्या जाऊ शकतात. म्हणजे आपला निष्कर्ष चुकलाच. मग हाड मोडलंय हे ओळखायचं कशावरून? आज आपण चटकन ‘एक्स-रे’ म्हणू. पण क्ष-किरण सापडले १८९५ साली. त्याआधी कातडीआडचं हाड माणसांना कसं ‘दिसत’ होतं?

सुश्रुतसंहितेत हाडं मोडण्याचे आणि सांधे निखळण्याचे वेगवेगळे प्रकार दिले आहेत. हाड मोडल्याची लक्षणंही आहेत: खूप सूज, स्पर्शही सहन न होणं, दाबल्यावर होणारा आवाज. हा आवाज म्हणजे तुटलेली टोकं एकमेकांवर घासल्याची खूण. उपचारही स्पष्ट आहेत. वर आलेलं हाड खाली दाबावं, खाली गेलेलं वर घ्यावं, मग पळस, उंबर, पिंपळ अशा झाडांच्या साली किंवा बांबूच्या पट्ट्या लावून बांधावं. बांधणी सैल झाली तर हाड स्थिर राहत नाही, आणि घट्ट झाली तर सूज व वेदना वाढतात, असा इशाराही तिथे आहे.

तरीही मनगटाच्या बाबतीत युरोपातले शल्यवैद्य फार काळ फसत राहिले. तळहात टेकून पडलेल्या माणसाचं मनगट सुजतं, वाकडं होतं. सांधा निखळलाय, असंच बहुतेकांना वाटे. फ्रान्समधल्या ल्यों शहरातले क्लोद पुतो यांच्या मृत्यूनंतर, १७८३ साली छापलेल्या त्यांच्या लेखनात, इथे हाड मोडतं असं म्हटलेलं होतं. पण त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

१८१४ मध्ये डब्लिनचे शल्यवैद्य अब्राहम कॉलिस यांनी एडिंबरोच्या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यांचा युक्तिवाद वर्गात सांगावा इतका सरळ आहे. रुग्णाचा हात धरून बेतानं ओढला, की मनगट सरळ होतं. ओढ सोडली, की पुन्हा वाकडं. निखळलेला सांधा एकदा नीट बसवला, तर सहसा तिथेच राहतो. हा मात्र राहत नाही! म्हणजे आधार देणारं हाडच मोडलेलं असणार. हात ताणून धरला आणि बोटांनी चाचपलं, तर मनगटाच्या सुमारे दीड इंच वर, अंगठ्याच्या बाजूचं रेडियस हे हाड तुटल्याचं त्यांना जाणवे. शवविच्छेदन करून खात्री करण्याची संधी त्यांना मिळालेली नव्हती. मोडीची जागा बहुधा याहून थोडी खाली, सांध्याच्या अधिक जवळ असते, हे पुढे कळलं. पण मुख्य निष्कर्ष टिकला. या मोडीला आजही कॉलिसचंच नाव आहे.

हाड जागेवर आणलं, तरी ते तिथे राहावं कसं? १८५१ साली आन्तोनियस मातेयसन या डच लष्करी डॉक्टरांनी सुती पट्टीत प्लास्टर ऑफ पॅरिसची कोरडी पूड चोळून ठेवण्याची युक्ती काढली. पट्टी भिजवून गुंडाळली, की काही मिनिटांत कडक. जिप्सम तापवून काही पाणी घालवलं, की ही पूड मिळते. पाणी परत मिळालं, की तिचं पुन्हा जिप्सम होतं आणि उष्णता बाहेर पडते. प्लास्टर हाड जोडत नाही, नुसतं धरून ठेवतं. जोडण्याचं काम हाडातल्या जिवंत पेशी करतात.

रोंटगेन यांच्या शोधानंतर तीनच महिन्यांत, ३ फेब्रुवारी १८९६ ला, अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयात एडी मॅकार्थी हा १४ वर्षांचा मुलगा आणला गेला. बर्फावर स्केटिंग करताना पडून त्याचं मनगट मोडलं होतं. २० मिनिटं हात स्थिर ठेवल्यावर काचेवर मोडलेलं हाड उमटलं. बोटांचा अंदाज आता डोळ्यांनी पडताळता येऊ लागला.

मग बोटांचं काम संपलं का? नाही. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटातलं स्कॅफॉइड हे छोटं हाड मोडलं, तर पहिल्या एक्स-रेत ते कधी कधी दिसतच नाही. अंगठा ताणल्यावर मनगटाजवळ जो खळगा पडतो, तिथे दाबून दुखलं, तर डॉक्टर हाड मोडलंय असं धरून हात बांधतात आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. दुर्लक्ष झालं, तर रक्तपुरवठा तुटल्यामुळे हे हाड कधी कधी जुळत नाही.

लहान मुलांचं हाड तर कधी कधी ओल्या फांदीसारखं एकाच बाजूनं तडकतं. हात वाकडा दिसेलच असं नाही. म्हणून बोटं हलली तरी, एका जागी दाबून दुखत असेल, सूज असेल, तर हाड मोडलंय असंच समजावं. बांगडी, घड्याळ लगेच काढावं. चोळू नये, ओढू नये. हात आहे तसाच वर्तमानपत्राच्या जाड घडीवर ठेवून बेतानं बांधावा, झोळीत घालावा आणि मुलाला डॉक्टरांकडे न्यावं. वाटेत नखं निळी पडली किंवा बोटं बधिर झाली, तर बांधणी सैल करावी. सुश्रुतसंहितेतला इशारा इथेही लागू आहे.