मांजराचा पगार

शेतावरच्या मांजरांबद्दल आमच्या घरात एक नियम पिढ्यान् पिढ्या चालत आलाय: त्यांना खायला घालायचं नाही. पोट भरलं की मांजर उंदीर धरत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीवर सध्या पाच मांजरं आहेत. एक म्हातारा बोका, दोन भाट्या आणि दोन अर्धवट वाढलेली पिल्लं. ती कुणी आणलेली नाहीत आणि माणसाला हातही लावू देत नाहीत. दिवसा कडब्याच्या गंजीत झोपतात, रात्री गोठ्याभोवती फिरतात. धार काढून झाली की आज्जी त्यांच्या जर्मनच्या वाटीत थोडं दूध ओतते. त्यावर आण्णांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, एकच म्हणणं असतं, "लाडावू नको, आळशी होतील."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. 'पूर्वीपासून असंच आहे' हे उत्तर ऑफिसात कुणी दिलं, तर पुढचा प्रश्न असतो, कुणी तपासलंय का? तोच प्रश्न घेऊन मी मांजरांचा इतिहास वाचायला लागलो, आणि थेट साडेनऊ हजार वर्षं मागे गेलो.

सायप्रस बेटावर शिलूरोकांबोस नावाची नवाश्मयुगीन वसाहत आहे. तिथे एका माणसाच्या थडग्यापासून जेमतेम ४० सेंटीमीटरवर एका मांजराचा अख्खा सांगाडा सापडला. २००४ मध्ये फ्रेंच पुराप्राणीशास्त्रज्ञ झां-दनी विन्य आणि सहकाऱ्यांनी तो शोध जाहीर केला. मांजर साधारण आठ महिन्यांचं होतं. सायप्रसमध्ये मूळची रानमांजरं नव्हती, म्हणजे कुणीतरी त्याच्या पूर्वजांना होडीत बसवून आणलं होतं. शेती करणारी माणसं बी-बियाणं घेऊन समुद्रापार गेली, तेव्हा मांजरही सोबत होतं.

त्यामागचं कारण सरळ आहे. माणूस धान्य साठवायला लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे पश्चिम आशियातलं रानमांजर आलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार आजची घरातली मांजरं त्याच रानमांजराची वंशज आहेत. गाय, शेळी माणसाने धरून आणली. मांजर मात्र काम दिसलं म्हणून स्वतःच आलं.

पण ते नुसत्या उंदरांवर राहिलं का? चीनमधल्या च्वानहुत्सुन या गावी सुमारे ५३०० वर्षांपूर्वीची मांजराची हाडं मिळाली. हाडांमधल्या कार्बन आणि नायट्रोजनवरून तो प्राणी काय खात होता, याचा अंदाज बांधता येतो. ही मांजरं राळ्यासारखी धान्यं खाणारे छोटे प्राणी खात होती, म्हणजे खळ्यातले उंदीर. त्यातल्या एका मांजराच्या आहारात मात्र मांस अपेक्षेपेक्षा कमी आणि धान्य जास्त होतं. त्याने उष्टं-खरकटं खाल्लं असेल, किंवा कुणीतरी त्याला घातलं असेल.

या गोष्टीला पुढे एक वळण आहे. २०१६ मध्ये त्या काळातल्या चिनी हाडांची मापं पुन्हा तपासली, तेव्हा ती मांजरं आपल्या मांजरांची पूर्वज निघालीच नाहीत. ती ठिपकेवाली लेपर्ड कॅट होती, जी सह्याद्रीतही आढळते. वेगळ्या जातीच्या प्राण्यानेही धान्याच्या कोठाराशी तोच व्यवहार केला. तिथे तो पुढे टिकला नाही. लेपर्ड कॅट रानातच राहिली आणि चीनच्या घरांत आज दिसतं ते बाहेरून आलेलं मांजर. म्हणजे हा व्यवहार मोडूही शकतो.

तो लेखी झाल्याचं उदाहरण लंडनचं आहे. १८६८ मध्ये तिथल्या पोस्टाच्या मनीऑर्डर ऑफिसात उंदरांनी कागद कुरतडले, म्हणून तीन मांजरं नेमली गेली. खर्चाला आठवड्याचा एक शिलिंग मंजूर झाला आणि प्रोबेशन सहा महिन्यांचं. मला नोकरी लागली तेव्हा माझंही तेवढंच होतं.

आपल्याकडेही मांजराला सरकारी कामाला लावायचा विचार झाला होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे गावोगाव पसरला. उंदीर आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवांचा संबंध हळूहळू स्पष्ट झाला. तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात काम करणारे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर अँड्र्यू ब्युकॅनन यांनी मांजरं पाळण्याचा आग्रह धरला. जिथे मांजरं भरपूर, तिथे प्लेग कमी, असं त्यांचं म्हणणं १९०८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलं. मांजरालाही प्लेग होतो आणि ते तो माणसाला देऊ शकतं, हे आज माहीत आहे. त्यामुळे तो उपाय जसाच्या तसा घेता येत नाही.

आण्णांच्या नियमाची खरी तपासणी मात्र ऑक्सफर्डमध्ये झाली. चार्ल्स एल्टन हे परिस्थितीशास्त्राच्या पायाभरणीतलं मोठं नाव. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला धान्याचा कण न् कण वाचवायचा होता, तेव्हा त्यांची संस्था उंदीर-घुशींच्या मागे लागली. शेतघरांवरच्या मांजरांचं निरीक्षण करून त्यांनी १९५३ मध्ये निबंध लिहिला. निष्कर्ष असे: घुशी आधीच माजल्या असतील, तर मांजरं त्यांना संपवू शकत नाहीत. दुसऱ्या उपायाने जागा एकदा साफ केली, की मांजरं त्यांना परत येऊ देत नाहीत. त्यासाठी मांजर घराजवळ राहायला हवं, आणि ते राहावं म्हणून त्याला दूध, खाणं द्यायला हवं. उपाशी मांजर शिकारीसाठी लांब रानात निघून जातं. म्हणजे आज्जीची वाटी लाडाची नव्हती. तो पगार होता.

हे आण्णांना सांगून भागलं असतं, पण प्रश्न आता तेवढाच उरलेला नाही. आण्णांच्या तरुणपणी ज्वारी पेवात आणि कणगीत वर्षभर घरीच असायची. आता सोयाबीन मळणी झाली की थेट आडतीवर जातं. घरात उरतात खाण्यापुरती चार पोती. मांजरांचं काम कमी झालंय, पिल्लं मात्र होतच राहतात. धाकट्या काकांनी गेल्या वर्षी सुचवलं, पोत्यात घालून लांब सोडून येऊ. गावोगाव हेच करतात. सोडलेलं मांजर अनोळखी जागी बहुतेकदा उपासमारीने किंवा गाडीखाली मरतं, आणि इथली मोकळी जागा दुसरी मांजरं येऊन घेतात. वरवर बिनखर्चाचा वाटणारा हा उपाय सगळा खर्च मांजरावर टाकतो.

काकांसमोर मी दुसरा उपाय ठेवला. खाणं रोज ठरलेल्या वेळी, एकाच जागी, आणि अर्ध्या तासाने वाटी उचलायची, म्हणजे घुशींची सोय होत नाही. ब्रोमाडायोलोनसारखं औषध वस्तीवर ठेवायचं नाही, कारण ते खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजरही मरू शकतं. त्याऐवजी पोती फळीवर आणि दाराखालची फट पत्र्याने बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नसबंदी. भाटी सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि दोन-सव्वादोन महिन्यांत विते. तालुक्याच्या गावी डॉक्टरांनी ऑपरेशनच्या वेळीच रेबीजची लस दिली आणि कानाचं टोक किंचित कापलं, म्हणजे झालेली कोण हे लांबूनही ओळखता येतं.

बोका आणि एक भाटी झाली. पिल्लं अजून लहान आहेत. दुसरी भाटी हुशार आहे, दोन वेळा पिंजऱ्याच्या दारातून परत फिरली. आता पिंजरा गंजीमागे दार बांधून उघडाच ठेवलाय आणि तिचं दूध रोज थोडं थोडं आत सरकवतोय. कालपर्यंत तिचे पुढचे दोन पाय आत आले होते.