साज, घोडा आणि माशी

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करांच्या कोठारांतल्या जुन्या रायफली अमेरिकेच्या बाजारात स्वस्तात विकायला आल्या. जर्मन माउझर, ब्रिटिश एनफिल्ड, खुद्द अमेरिकेची स्प्रिंगफिल्ड. हरणाच्या शिकारीला जाणारा साधा माणूस अशी एखादी रायफल घरी आणायचा आणि कामाला लागायचा. नळीखालचं जादा लाकूड कापायचं, जड दस्ता काढून अक्रोडाच्या लाकडाचा हलका दस्ता बसवायचा, वर दुर्बीण बसावी म्हणून पोलादात भोकं पाडून आटे कापायचे. गोळी भरायला मागेपुढे सरकवायचा दांडा म्हणजे बोल्ट; त्याची सरळ आडवी मूठ वर उचलली की दुर्बिणीला अडायची. मग ती तापवून खाली वाकवायची. या खटाटोपासाठी इंग्रजीत 'स्पोर्टराइझ' असं क्रियापदच तयार झालं. सैनिकाची बंदूक शिकाऱ्याची करणं, हा त्याचा अर्थ. पुढे कारखान्यातून नव्या निघालेल्या शिकारी रायफलींनाही असे सुटे भाग चढवायची रीत पडली आणि त्यांचा मोठा व्यापार उभा राहिला.

वरून चढवायच्या या वस्तूंना मराठीत काय म्हणावं? 'ॲक्सेसरीज' आपण सगळेच म्हणतो. 'उपसाधने' हा शब्द कागदावरून खाली उतरत नाही. माझं मत 'साज' या शब्दाला आहे. घोड्याचा साज, कोल्हापुरी साज, मैफलीत गाण्याच्या साथीचा साज. मूळ वस्तूला जोडून येणारी, तिला कामाला किंवा मिरवायला तयार करणारी ती सगळी सामग्री. शब्द फारसी आहे. 'साख्तन' म्हणजे घडवणे, त्यातला. घोड्याचं खोगीर घडवणारा जीनसाज, त्यातला 'साज' हाच. संस्कृतातला 'सज्ज' याच्यासारखा दिसतो, पण त्याचं कुळ निराळं. 'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी. दोरी चढवलेलं धनुष्य 'सज्य', आणि त्यातूनच 'सज्ज' आला. म्हणजे 'सज्ज' हा मुळात हत्याराचाच शब्द. एक इराणातून आलेला, एक इथला. पण मराठीत दोघे इतके दिवस शेजारी नांदले की कान त्यांना भावंडंच समजतो. शिवाय साज चढतो आणि उतरतो. पेचांनी बसणाऱ्या आणि पेच सैल केले की निघणाऱ्या वस्तूंसाठी याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

आता ज्या भागांवर हा साज चढतो, त्यांची नावं पाहू. दस्ता म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकणारा लाकडी भाग. फारसीत 'दस्त' म्हणजे हात. दस्तऐवज, दस्तक, दस्ताना ही सगळी त्याच हाताची बोटं. संस्कृत 'हस्त' आणि फारसी 'दस्त' एकाच जुन्या शब्दाची दोन रूपं आहेत, त्यामुळे 'दस्ता' परका म्हणायलाही जीभ धजत नाही. इंग्रजांनी याच भागाकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. त्यांचा 'स्टॉक' म्हणजे मूळचा झाडाचा बुंधा, ओंडका. हिंदी-उर्दूत याला 'कुंदा' म्हणतात, आणि फारसीत 'कुंदा' म्हणजे पुन्हा लाकडाचा ओंडकाच. एका नावानं लाकूड पाहिलं, दुसऱ्यानं तो धरणारा हात. आज बाजारात दस्ते काचतंतूंचे, कार्बनतंतूंचे, ॲल्युमिनियमचे मिळतात. लाकूड पावसाळी हवेत फुगतं, नळीवर दाब टाकतं आणि गोळी पडायची जागा हलते. म्हणून हा बदल. लाकूड गेल्यावर 'स्टॉक' आणि 'कुंदा' यांचा मूळ अर्थ हरवला. हात मात्र आहे तिथेच आहे, म्हणून 'दस्ता' आजही खरा बोलतो.

दस्त्यानंतर हौशी माणूस बहुधा ट्रिगर बदलतो. हलका दाब लागणारा, मध्ये न घसटता एकदम सुटणारा ट्रिगर नेम राखायला सोपा. हा शब्द डच 'ट्रेकर' वरून आला आहे, म्हणजे ओढायची वस्तू. 'ट्रेकन' म्हणजे ओढणे. दक्षिण आफ्रिकेतले डच वंशाचे शेतकरी बैलगाड्या ओढत लांबच्या मजला मारायचे, त्याला 'ट्रेक' म्हणत. म्हणजे दर पावसाळ्यात आपली मुलं सह्याद्रीत करतात तो ट्रेक आणि रायफलीचा ट्रिगर हे सख्खे भाऊ. आपला शब्द 'चाप'. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य, आणि बाणाचा वारसा गोळीकडे आला असं म्हणायचा मोह होतो. पण केसांना लावायचा चाप, कागदांना लावायचा चाप, चापून नेसलेलं लुगडं, उधळेपणाला बसवलेला चाप हे सगळे दाबाचे शब्द आहेत, आणि बंदुकीचा चाप मला त्यांच्यातलाच वाटतो. आपण 'चाप ओढला' म्हणतो खरं, पण नेमबाजीचे शिक्षक पहिल्या दिवसापासून सांगतात की हिसका देऊन ओढू नका, बोटानं सावकाश दाबत जा. ती शिकवण आपल्या नामातच आहे.

घोड्याची गोष्ट सर्वांत रंगतदार. जुन्या बंदुकीत बार पेटवायला जो भाग आपटतो, त्याला मराठी माणसानं घोडा म्हटलं. इंग्रजीत तो कोंबडा, 'कॉक'. जर्मनांचा 'हान' कोंबडाच, रशियनांचा 'कुरोक'ही कोंबड्यावरूनच. फ्रेंचांना तिथे कुत्रा दिसला, 'शिएं'. स्पॅनिशमध्ये तर ट्रिगरलाच 'गातियो' म्हणतात, म्हणजे मांजराचं पिल्लू. मान मागे घेऊन झेप घ्यायच्या तयारीत असलेला प्राणी प्रत्येकानं आपापल्या अंगणात शोधला. बोल्टच्या रायफलीत हा घोडा बाहेर दिसत नाही. आघात करणारी सुई आणि तिची स्प्रिंग बोल्टच्या पोटात असते. पण शब्दानं हार मानली नाही. बाहेरचा घोडा नाहीसा झाला तेव्हा नाव चापाकडे सरकलं, म्हणून 'घोडा दाबला' असंही आपण म्हणतो. आणि मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत अख्खं पिस्तूलच घोडा झालं.

'बोल्ट' या शब्दाचाही प्रवास असाच. मूळचा तो आडव्या यांत्रिक धनुष्यातून सुटणारा आखूड, जाड बाण. पुढे दाराला लावायचा अडसर. प्रशियाच्या सैन्यानं १८४१ साली ड्रायझे या बंदूककाराची सुईबंदूक स्वीकारली, तिच्यात दाराची कडी सरकवावी तशी रचना होती: मूठ वर, मागे, पुढे, खाली. १८९८ च्या माउझरनं ती रचना अशी पक्की केली की आजच्या बहुतेक शिकारी रायफली तिच्याच वंशातल्या. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना भेट मिळाली ती .२७५ रिग्बी रायफलही माउझर रचनेचीच होती, आणि तिच्यावर दुर्बीण नव्हती.

तिथे माशी होती. नळीच्या टोकावरच्या उंचवट्याला मराठीत माशी म्हणतात, हिंदीत मक्खी. रशियन माणूस त्याला 'मुश्का' म्हणतो, म्हणजे छोटी माशीच. जर्मनांना तिथे धान्याचा दाणा दिसतो, तुर्कांना जवाचा बारकासा दाणा. माशी नळीवर येऊन बसली की नजर तिच्यावर ठरवायची आणि पलीकडचं लक्ष्य तिच्या डोक्यावर घ्यायचं. यालाच नेम धरणे म्हणतात. हा 'नेम' म्हणजे 'नियम'. उपासतापासाचा नेमही तोच. मन एका जागी बांधून ठेवणं दोन्हीकडे सारखंच. दुर्बीण आली आणि कित्येक नव्या रायफलींवर माशी बसतच नाही. नळी कारखान्यातूनच नितळ येते. दुर्बीण म्हणजे 'दूर' आणि 'बीन', दूरचं पाहणारी. फारसीनं हा शब्द ज्या रीतीनं घडवला, त्याच रीतीनं ग्रीक शब्द जोडून युरोपनं 'टेलिस्कोप' घडवला.

नव्या साजापैकी दोन वस्तूंसाठी मला शब्द सुचवायचे आहेत. नळीखाली लावायच्या दोन पायांच्या टेकूला 'बायपॉड' म्हणतात. त्यातला 'बाय' आपल्या 'द्वि'चा चुलता आणि 'पॉड' आपल्या 'पद'चा. तीन पायांची तिपाई आपल्याकडे आहेच, मग ही दुपाई. गालाला टेकायच्या फळीला गालटेक म्हणता येईल.

हे शब्द आपल्याला लागणार आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीनं भारतातली हौशी शिकार संपली, आणि ते योग्यच झालं; पण रायफल खेळाच्या मैदानावर आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. या प्रकारात गुडघ्यावर, पालथं आणि उभ्यानं, अशा तीन स्थितींत मारा करावा लागतो. दस्ता, गालटेक, खांद्याचा टेकू हे सगळं नेमबाजाच्या अंगाबरहुकूम जुळवलेलं असतं. अशा स्पर्धांची बातमी लिहिताना दस्ता, चाप, नेम हे शब्द हाताशी असताना ते टाळू नयेत. आणि एक विनंती. कोकणात, विदर्भात ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळची परवान्याची ठासणीची बंदूक होती, त्यांनी तिच्या एकेका भागाला घरात काय म्हणत ते जाणत्या माणसांना विचारावं आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावं.