अजब बंगल्यात जाण्याआधी

देवळीच्या आमच्या गटात यंदा ठरलं, की घरच्यांना घेऊन नागपूरचा अजब बंगला पाहायला जायचं. ठरलं म्हणजे काय, पोरांनीच लावून धरलं. शाळेच्या सहलीत हा बंगला धावत धावत पाहून होतो. वाघासमोर एक फोटो, की चला बाहेर. तसं होऊ नये म्हणून आम्ही आधी थोडी माहिती गोळा केली. तीच आज सांगत आहोत.

अजब बंगला १८६३ सालचा. मध्य प्रांताचे तेव्हाचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या काळात तो सुरू झाला. आपला वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा निघाला १८६२ साली, आणि त्याचं ठाणं होतं पुलगावजवळच्या कवठ्याला. तिथून ते पालकवाडीला, म्हणजे आजच्या वर्ध्याला, आलं १८६६ साली. नागपूरला आगगाडी पोचली त्यानंतर, १८६७ ला. म्हणजे हा बंगला वर्धा शहरापेक्षाही वयानं मोठा. कागदोपत्री नाव मध्यवर्ती संग्रहालय, पण लोकांनी ठेवलेलं नावच टिकलं. आत जुनी शिल्पं आहेत, ताम्रपट आहेत, हत्यारं आहेत. पोरं मात्र पळतात ती पेंढा भरलेल्या प्राण्यापक्ष्यांकडे.

त्या काळात नागपुरात स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटलंडचे मिशनरी राहत. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचंच नाव आहे. त्यांना दगडांचं वेड. १८५१ साली नागपूरजवळच्या टाकळीला ते आणि त्यांचे सोबती रॉबर्ट हंटर यांना दगडात रुतलेले गोगलगायींचे शंख दिसले. मग हाडं, बिया, फळं, असं किती तरी मिळत गेलं. सगळं दगड झालेलं. त्यातला मोठा साठा लंडनला गेला, आणि एका खनिजाला हिस्लॉपाइट असं नावही पडलं. कुदळ ज्यांच्या हाती होती, त्यांच्या नावाचा मात्र दगड नाही. हे हिस्लॉप साहेब ४ सप्टेंबर १८६३ ला गेले. बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला जुनी दगडी वर्तुळं पाहायला गेले होते, परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडाले. आपली वर्धा-नागपूर गाडी बुटीबोरीवरूनच जाते. पोरांना खिडकीतून तेवढं दाखवा.

आता तुम्ही म्हणाल, दगडांचं आपल्याला काय? बायांनो, आपली कापसाची काळी जमीन त्याच दगडातून झाली. साडेसहा कोटी वर्षांच्या सुमारास इथे जमिनीच्या भेगांतून तापलेला रस वर आला, थरावर थर बसला. दोन थरांच्या मधल्या काळात तळी साचत, झाडं वाढत. टाकळीचे शंख त्या तळ्यांतले. वरचा काळा दगड झिजत झिजत माती झाली, आणि तिच्यात आपण आज निंदण करतो.

समुद्रपूर तालुक्यातलं गिरड तर आपल्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिलं आहे. तिथल्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, असं गिरडला सांगतात. टेकडीवर पसरलेले गोल खडे म्हणजे तोच माल. ही गोष्ट १८७० च्या इंग्रजी गॅझेटियरमध्येही छापली आहे. भूगर्भशास्त्र सांगतं, तापलेला रस थिजताना त्यात भाकरीसारखी जाळी पडली, त्या छिद्रांत पाण्याबरोबर आलेलं खनिज बसलं, आणि भोवतालचा दगड झिजल्यावर ते खडे सुटे झाले. आम्ही घरी दोन्ही गोष्टी सांगतो. पोरांना दोन्ही लक्षात राहतात. खडे मात्र वेचून आणू नका, ते तिथलेच.

आणि आता शेणाची गोष्ट. हसू नका. चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतात डायनासोरची हाडं सापडतात, आणि त्यांच्या शेणाचे दगड झालेले गोळेही. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या शास्त्रज्ञ वंदना प्रसाद आणि त्यांचे सोबती यांनी ते गोळे तपासले. गवताच्या पात्यात वाळूसारखे बारीक कण असतात. निंदताना पातं हात कापतं ना, ते यांच्यामुळेच. ते कण या गोळ्यांत मिळाले, तेही पाच-सहा कोटी नव्हे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. २००५ साली हे छापून आलं. तोवर डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच, असं जाणकार धरून चालले होते. पुढे २०११ साली त्याच गोळ्यांवरून दिसलं, की धानाचे भाऊबंदही तेव्हा होते. जनावरानं काय खाल्लं हे शेण पाहून ओळखणं, हे तर आपल्या रोजच्या कामातलंच.

तर जाण्याचा बेत असा. बंगला सोमवारी बंद असतो, सरकारी सुटीलाही. निघण्याआधी एकदा फोन करून खात्री करा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची गर्दी असते, तो दिवस नको. कापूस फुटला की कुणालाच सवड नाही, म्हणून निंदण आटोपून वेचणी लागण्याआधीचा रविवार बघा. एसटीत २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. तेव्हा आजीला घरी ठेवू नका. देवळीहून वर्धा, तिथून गाडीनं नागपूर, पुढे सिव्हिल लाइन्स. शिदोरी घरची. आत गेल्यावर दोनच दालनं नीट पाहा, बाकीची पुढच्या खेपेला.

खरी अडचण पैशाची नाही. घरच्यांनी जायचं म्हटलं, की म्हशीजवळ कोण थांबणार, आणि थांबते ती शेण काढणारीच. आम्ही यावर तोड काढली: दोन तुकड्या. पहिली गेली की दुसरीनं त्यांची जनावरं बघायची, पुढच्या रविवारी उलट. घरातला पुरुष थांबत असेल तर उत्तमच; तशी तीन नावं आमच्याकडे आली आहेत. बाकीच्यांनी शनिवारच्या बैठकीत नावं द्यावीत.