मोरवेल आणि मूर्वा

विलायती बागांत क्लेमॅटिस नांवाच्या वेलीस 'वेलींची राणी' म्हणतात. ह्या राणीचें कूळ शोधूं लागलें असतां तें पूर्वेकडे येऊन पोंचतें, ही गोष्ट तिचीं रंगीत चित्रें पाहून भुलणाऱ्या आमच्या उद्यानप्रिय मित्रांस बहुधा ठाऊक नसते. युरोपांत तिच्या कांहीं जाती पूर्वापार होत्या. परंतु तळहाताहून मोठीं फुलें धारण करणाऱ्या जाती तेथील नव्हत. त्यांतली एक रॉबर्ट फॉर्च्यून ह्यानें १८५० सालीं चीनमध्यें शोधून काढली. तिच्यापासून वोकिंग येथील जॉर्ज जॅकमन ह्यानें १८५८ सालीं संकर केला. १८६२ सालीं त्यास गर्द जांभळीं फुलें आलीं, आणि पुढच्याच वर्षीं लंडनच्या उद्यानसंस्थेनें त्याचा गौरव केला. आज बाजारांत मिळणाऱ्या पुष्कळशा मोठ्या फुलांच्या वेली ह्याच कामाच्या वंशांतील होत. इतिहासाच्या अभ्यासकास एक गंमत येथें नमूद करावीशी वाटते. हा संकर झाला तेव्हां जळकोटाशेजारचा नळदुर्ग निजामाकडे नसून इंग्रजांच्या कारभाराखालीं (१८५३ ते १८६०) होता, आणि तेथील कारभारी मेडोज टेलर नुकताच वऱ्हाडांत गेला होता.

हिंदुस्थानचा ह्या कुळाशीं संबंध मात्र त्याहून जुना आहे. हिमालयांतील शुभ्र फुलांची एक जात गव्हर्नर जनरल ॲम्हर्स्ट ह्यांच्या पत्नीनें विलायतेस पोंचविली. १८३१ सालापासून ती तेथील बागांत आहे. दुसऱ्या एका जातीस रॉक्सबर्गनें बंगालमधील गौड ह्या उध्वस्त राजधानीवरून नांव दिलें. ही दुसरी जात, आणि दख्खनचीच म्हणावी अशी तीन खंडांच्या पानांची तिसरी जात, ह्या दोन्ही आपल्या डोंगरांत आढळतात. शेतकरी त्यांस मोरवेल किंवा रानजाई म्हणतो. फुलांच्या ज्या पांढऱ्या चांदणीस आपण पाकळ्या समजतों त्या वस्तुतः पाकळ्या नव्हत, तीं निदलें होत. सर्व क्लेमॅटिसांचें हें लक्षणच आहे.

मोरवेल हें नांवच एका जुन्या घोटाळ्याचें मूळ झालें आहे. मनुस्मृतींत क्षत्रिय बटूची मेखला मूर्वेची सांगितली आहे. धनुष्याच्या दोरीस मौर्वी म्हणतात तें मूर्वेवरूनच. वैद्यकांतही मूर्वा हें प्रतिष्ठित द्रव्य आहे. आतां ही मूर्वा कोणती? बंगालच्या वैद्यांनीं एक कंद पुढें केला, आणि आपल्याकडील वैद्यांनीं नामसादृश्यावरून मोरवेल. आमच्या मतें हा निर्णय टिकणारा नाहीं. ज्या वनस्पतीची दोरी वळून धनुष्यास चढवावयाची तिचा तंतु चिवट पाहिजे. मोरवेलीचें वाळलेलें खोड हातानें वांकवून पाहावें. तें कडकन मोडतें. उलट, राजमहालच्या डोंगरांतील लोक ज्या रुईवर्गीय वेलीच्या तंतूंची धनुष्यदोरी करीत, तिचें वर्णन रॉक्सबर्गनेंच केलें असून तिच्या लॅटिन नांवाचा अर्थच 'अतिशय चिवट' असा आहे. भारत सरकारच्या आयुर्वेदीय औषधकोशानेंही मूर्वा म्हणून तीच वेल स्वीकारली. हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. मोरवेलीचा ताजा रस कातडीस लागला तर आग होते व फोड उठतात. तेव्हां एकीच्या जागीं दुसरी देणें म्हणजे रोग्याशीं खेळणें होय. मोरवेलीचें 'मोर' कोठून आलें ह्याविषयीं आमचा तर्क एवढाच कीं, तिच्या फळांस पिसांसारखीं लांब शेपटें असतात त्यांवरून लोकांस मोर आठवला असावा.

जळकोटासारख्या, उन्हाळ्यांत अंग भाजणाऱ्या गांवीं बागेसाठीं कोणती निवडावी? जॅकमनची वेल थंड हिंवाळ्यांत विसांवा घेणारी. तिला येथें विसांवा मिळत नाहीं आणि वैशाखांत ती करपते. शिवाय ह्या संकरांस एकाएकीं मरगळून मरण्याचा रोग आहे. त्यानें विलायतेंतील बागवानांसही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेरीस आणलें होतें. तेव्हां दख्खनची मोरवेलच घ्यावी, असें आम्ही निःशंकपणें म्हणतों. तिला काळ्या चिकण जमिनींत नुसती लावूं नये; पावसाचें पाणी साचून मुळें कुजतात. खड्ड्यांत मुरूम व जुनें शेणखत मिसळावें. मुळें सांवलींत आणि शेंडा उन्हांत हा ह्या सर्व कुळाचा स्वभाव आहे. म्हणून बुंध्याशीं फरशीचा एखादा तुकडा टाकावा. ही वेल पानांच्या देठांनींच आधार पकडते, त्यामुळें भिंतीवर ती चढत नाहीं. तिला बारीक तार किंवा तुरीच्या काड्या लागतात. छाटणी उन्हाळ्याच्या तोंडीं, आणि हातांस फडकें गुंडाळून करावी.

पाऊस सुरू झाला कीं नवे कोंब येतात व भाद्रपद-आश्विनांत पांढरीं फुलें लागतात. तीं सरल्यावर मांडव पिसांनीं झांकून जातो. पिसें वाऱ्यावर जाण्यापूर्वीं थोडीं गोळा करून पुढील मृगांत पेरावींत. बीं उगवावयास बरेच दिवस घेतें, म्हणून वाफ्यावर खूण करून ठेवावी.