चिऊ-काऊची गोष्ट

मराठी घरांत मूल बोलू लागण्याआधीपासून सांगितली जाणारी प्राणिकथा. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. मुसळधार पावसात शेणाचे घर वाहून जाते आणि कावळा चिमणीचे दार ठोठावतो. बाळाला न्हाऊ घालायचे आहे, तीट लावायची आहे, निजवायचे आहे, असे सांगत चिमणी दार उघडायचे लांबवत राहते. शेवट घरोघरी वेगळा. कुठे भिजलेला कावळा चुलीजवळ बसून भाजतो, कुठे आत शिरून सगळा खाऊ फस्त करतो, तर कुठे दार बंदच राहते.

परंपरा : तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्र’ या आद्य मराठी गद्यग्रंथात ही कथा आढळते. तेथे चिमणीच्या जागी साळई हा पक्षी आहे. घरे मात्र शेणामेणाचीच.

प्रतीके : चिमणीच्या सबबी म्हणजे ऐकणाऱ्या मुलाचाच दिनक्रम. न्हाणे, तीट, पाळणा हे सारे त्याच्या वाट्याला रोज येते, म्हणून बंद दाराआडचे बाळ आपणच आहोत हे त्याला न सांगता कळते. मेण पावसाला दाद देत नाही, पण उन्हात वितळते. गोष्टीत ऊन कधी पडतच नाही, आणि आईच्या कुशीतली निर्धास्ती तेवढी अभंग राहते. दाराबाहेरच्या कावळ्यालाही मूल परके मानत नाही, कारण भरवताना आई एक घास चिऊच्या नावाने देते, तसा एक काऊच्याही नावाने देते.

नाशिकमधील संदर्भ : गोदावरीच्या रामकुंडावर दशक्रियेत पिंड ठेवून आप्तेष्ट कावळ्याची वाट पाहतात. काकस्पर्श झाला की मृताची इच्छा पुरी झाली, अशी श्रद्धा आहे. लहानपणी ज्याला दाराबाहेर थांबवण्यात मौज वाटली, त्यानेच आता यावे म्हणून हात जोडले जातात. कुणी न समजावता गोष्टीतला काऊ येथे पितरांचा दूत होतो आणि ऐकणाऱ्याचे बालपण मागे पडते.

इकडे गोष्टीतली चिमणी दुर्मीळ होऊ लागली आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या तुळया, वळचणी आणि भिंतींतल्या फटी ही तिची घरट्याची जागा. सिमेंटच्या सपाट भिंतींत अशी जागा उरत नाही. पिलांना भरवायला किडे लागतात, तेही झाडेझुडपे गेल्याने कमी होतात. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’ स्थापून लाकडी घरट्यांचा प्रसार केला. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००८ मध्ये पर्यावरणवीरांच्या यादीत त्यांचा समावेश केला. २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो.

कावळ्याचा अर्थ वयाबरोबर बदलणारच. अंगणातली चिमणी मात्र माणसाने राखली तर राहील, आणि घास भरवताना मुलाला खरी चिऊ दाखवता येईल.