तात्पुरत्या कायद्याचे दीर्घायुष्य

कायदा अन्यायकारक ठरला म्हणजे सरकार तो बदलते, अशी आपली एक भाबडी समजूत असते. मुंबईच्या भाडेनियंत्रणाचा इतिहास वाचला की ती फार काळ टिकत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागांची टंचाई पडली, भाडी भडकली आणि १९१८ साली सरकारला नियंत्रण आणावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर तीच निकड पुन्हा उभी राहिली. १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच सर्वसाधारणपणे 'प्रमाण भाडे' ठरवले. गिरणगावातल्या एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या कामगाराचे छप्पर या कायद्याने राखले, हे विसरून चालणार नाही. कायदा मुदतीचा होता. पण मुदत संपत आली की ती वाढवली जाई. असे पन्नास वर्षे चालले!

या अवधीत सारे महागले, भाडे तेवढे जागचे हलले नाही. त्यातून डागडुजीचा खर्च निघेना, म्हणून मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली. भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधण्यात कोणाला स्वारस्य उरले नाही. पागडी मात्र फोफावली. अखेर १९६९ मध्ये कायदा करून जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ नेमावे लागले व उपकर बसवावा लागला. पालिकेची घरपट्टीही भाड्यावरच बेतलेली; भाड्याबरोबर तीही गोठली. दक्षिण मुंबईतल्या प्रशस्त जुन्या घराला उपनगरातल्या लहानशा नव्या घरापेक्षा कमी पट्टी, असा उफराटा न्याय कित्येकदा होऊ लागला.

हे राज्यकर्त्यांना दिसत नव्हते काय? दिसत होते. पण भाडे वाढले तर आपले किती रुपये जातील, हे भाडेकरूला नेमके ठाऊक होते, आणि त्याचे नाव मतदारयादीत होते. सुधारणेने ज्याचे भले व्हायचे तो तरुण अजून गावीच होता. त्याचे घर बांधलेही गेले नव्हते. त्याच्या वतीने मोर्चा कोण काढणार? शिवाय कायद्याने भाडेकरूची ऐपत कधी विचारली नाही. त्यामुळे गिरणी कामगाराच्या आडोशाला धनिक भाडेकरू आणि मोठमोठ्या कचेऱ्याही सुखाने उभ्या राहिल्या.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेले प्रमाण भाडे आता वाजवी राहिलेले नाही, असे म्हटले. त्यानंतर १९९९ चा कायदा झाला. बँका व मोठ्या कंपन्यांचे संरक्षण गेले. इतरांसाठी भाडेवाढ वर्षाला ४ टक्के ठरली. २०१० पासून घरपट्टी भांडवली मूल्यावर आकारली जाऊ लागली.

१९५० च्या सुमारास दरसाल थोडी वाढ दिली असती तर ती कोणाला जाचली नसती, आणि खऱ्या गरजूला सरकारी तिजोरीतून आधार देता आला असता. पुढे अंतर इतके वाढले की बाजारभावाने भाडे मागणे म्हणजे म्हाताऱ्या भाडेकरूला रस्त्यावर काढणेच झाले असते. टाळाटाळीचे प्रत्येक वर्ष पुढच्या टाळाटाळीला सबळ कारण देत गेले. त्याची किंमत मात्र झोपडपट्टीत पाठ टेकणाऱ्या नवागताने मोजली.